टेप लावली की खांदा हलका होतो, तिसऱ्या दिवशी पुन्हा का धरतो?

प्रश्न : मी निफाड तालुक्यातला द्राक्ष बागायतदार, वय ४७. तीन एकर बाग आहे, निम्मी वाय पद्धतीची (इंग्रजी Y आकाराच्या आधारांवरची) आणि निम्मी जुन्या मांडवाची. डिसेंबरच्या थिनिंगपासून, म्हणजे घडातले मणी विरळण्यापासून, उजवा खांदा धरलाय. हात बाजूने वर नेताना मध्येच सणक येते, पूर्ण वर गेला की कमी होते. त्या कुशीवर झोपता येत नाही. एक्स-रे साफ आला. गोळीने तेवढ्यापुरतं बरं वाटतं. नाशिकला क्रिकेट खेळणाऱ्या पुतण्याने ताणली जाणारी निळी टेप आणून लावून दिली. खांदा इतका हलका झाला की राहिलेल्या चार ओळी दोन दिवसांत उरकल्या. तिसऱ्या दिवशी हात उचलेना आणि टेपच्या टोकांना फोड आले. पुतण्या सांगतो म्हणून हात गोल गोल फिरवतो, रिकामी बाटली धरून अंगठा खाली ठेवून हात उचलतो, पण कळ वाढतेच. टेप चुकीची आणली का? काळी घ्यावी का? की टेपचा नाद सोडून नुसता व्यायाम करू? शेवटी हाड घासावं लागतं असंही ऐकलंय. एप्रिलमध्ये खरड छाटणी आहे. तोवर हात चालायला हवा.

उत्तर : भाऊ, रंगाचा विचार सोडा. निळी, काळी, गुलाबी, सगळ्या रोलचं कापड सारखंच आणि चिकटही तोच. तुमच्या पुतण्याने आणलेली टेप ठीक होती. चूक दोन ठिकाणी झाली. टेपची टोकं ताणून चिकटवली, म्हणून फोड आले. आणि टेपमुळे कळ दबलेले दोन दिवस तुम्ही चार ओळींना देऊन टाकले. ते दिवस व्यायामाचे होते.

टेप खांदा दुरुस्त करत नाही, थोडी उसंत देते. त्या उसंतीत व्यायाम केला तर पुढच्या आठवड्यात खांदा थोडा जास्त सोसतो, आणि काम उरकलं तर तुमच्यासारखं होतं. ‘टेप की व्यायाम’ याचं आमचं उत्तर असं : व्यायाम बारा आठवडे, टेप पहिले तीन आठवडे, तीही उपयोगी पडते असं दिसलं तरच. ते घरच्या घरी कसं पाहायचं ते पुढे येतं.

आधी खांद्यात काय चाललंय ते. खांद्याच्या वरच्या टोकाला चाचपलं की हाडाचं एक कडक छप्पर हाताला लागतं. हे छप्पर आणि दंडाच्या हाडाचा गोळा यांच्यामध्ये साधारण एक सेंटिमीटरची सांद असते. तिच्यातून सुप्रास्पायनेटस या स्नायूची कंडरा जाते. स्नायू हाडाला ज्या दोरीसारख्या भागाने जोडलेला असतो ती कंडरा. तिच्यावर बर्सा नावाची पातळ, ओलसर पिशवी असते. हात बाजूने वर जाताना साधारण ६० ते १२० अंशांच्या टप्प्यात कळ येणं आणि त्याच्यावर गेल्यावर कमी होणं ही या जागेच्या दुखण्याची जुनी खूण आहे. तुम्ही पत्रात नेमकं तेच लिहिलंय. याला इम्पिंजमेंट म्हणतात, म्हणजे चिमटलं जाणं.

हाड घासण्याचं जे तुम्ही ऐकलंय त्याचं मूळ १९७२ सालात आहे. अमेरिकेतले अस्थिशल्यचिकित्सक चार्ल्स नीअर यांनी छपराचं हाड कंडरेवर घासतं असं मांडलं आणि ते पुढून तासण्याची शस्त्रक्रिया सांगितली. पुढची कित्येक वर्षं ती सर्रास झाली. २०१८ मध्ये ब्रिटन आणि फिनलंडमधल्या दोन चाचण्यांचे निष्कर्ष आले. काही रुग्णांचं हाड तासलं होतं, काहींच्या खांद्यात फक्त दुर्बीण घालून पाहिलं होतं, हाडाला हातही लावला नव्हता. दोन्हीकडच्या रुग्णांना जवळपास सारखंच बरं वाटलं. त्यामुळे साध्या इम्पिंजमेंटला शस्त्रक्रिया हा आता पहिला रस्ता मानत नाहीत, आणि तुम्ही तर अजून नीट व्यायामही केलेला नाही.

मग दुखतं कशाने? कंडरेला सवय नसलेलं काम थोड्या दिवसांत फार पडल्याने. एका हाताचं वजन शरीराच्या वजनाच्या सुमारे पाच टक्के असतं. तुम्ही ६५ किलोचे असाल तर तीन किलोच्या वर. मांडवाखाली मणी विरळताना कात्रीचं वजन सोडाच, नुसता हातच तीन किलोचा, तोही डोक्याच्या वर, दिवसाचे सात-आठ तास, सलग दोन-तीन आठवडे. त्यात हात वर जाताना पाठीवरचा फरा, म्हणजे खांद्याचं त्रिकोणी पातं, वर फिरून मागे कलावं लागतं. ते काम बरगडीवरचा सिरेटस आणि फऱ्याच्या खालच्या अंगाचा ट्रॅपेझियस हे स्नायू करतात. दुपारनंतर हे दोघे थकले की फरा पुढे झुकतो आणि सांद आणखी दाटते. सकाळच्या पहिल्या ओळीला न दुखणारा खांदा चार वाजता सणकतो तो यामुळे.

टेपला हात लावण्याआधी घरीच चार गोष्टी पाहा. कोपर बरगडीला टेकवून काटकोनात वाकवा आणि दुसऱ्या कुणाला तरी तुमचा पुढचा हात बाहेरच्या बाजूला फिरवायला सांगा. डाव्याच्या मानाने उजवा फारच कमी फिरत असेल, जणू आतून कुलूप लागलंय, तर ते फ्रोझन शोल्डरकडे झुकतं. त्याची चाल वेगळी आणि उपचारही वेगळे. मधुमेह्यांमध्ये ते जास्त दिसतं, तेव्हा साखर तपासून घ्या. शिडीवरून पडल्यानंतर किंवा एखादा हिसका बसल्यानंतर हात अचानक उचलेनासा झाला असेल, किंवा दुसऱ्याने वर करून दिलेला हात तुम्ही सोडताच धपकन खाली येत असेल, तर कंडरा फाटल्याची शंका घ्यायची आणि आठवड्याच्या आत हाडांच्या डॉक्टरांना दाखवायचं. मान वळवली की कळ येते आणि बोटांपर्यंत मुंग्या जातात, तर मूळ मानेत असू शकतं. आणि चढ चढताना किंवा जोराचं काम करताना खांदा दुखतो, सोबत छाती भरते, घाम फुटतो, तर टेप, व्यायाम, हे पत्र, सगळं बाजूला ठेवून थेट रुग्णालय. खांद्याला सूज, ताप आणि लाली असली तरी तेच.

एमआरआयची घाई नको. पन्नाशीच्या आसपासच्या पुष्कळ न दुखणाऱ्या खांद्यांतही कंडरा थोडी झिजलेली, कुठे विरलेली दिसते. अहवालातला शब्द वाचून लोक हात गळ्यात बांधून बसतात आणि खांदा आणखी आखडतो.

आता टेप. ही ताणली जाणारी टेप १९७० च्या दशकात जपानचे केन्झो कासे यांनी काढली. सुती कापड, त्यात लवचिक धागा, मागे लाटांसारखा लावलेला अ‍ॅक्रिलिकचा चिकट थर. रोल साधारण ५ सेंटिमीटर रुंद आणि ५ मीटर लांब. ती स्नायूला जोर देते, रक्त खेळवते, कातडी उचलून जागा करते असं वेष्टनावर बरंच काही छापलेलं असतं. त्यातलं फार थोडं सिद्ध झालंय. २००८ मध्ये अमेरिकेत तरुण विद्यार्थ्यांवर झालेल्या एका चाचणीत खरी टेप लावल्याबरोबर हात न दुखता थोडा जास्त उचलला गेला. पुढच्या दिवसांत दुखण्यात आणि कामात मात्र खऱ्या आणि खोट्या, म्हणजे तुलनेसाठी नुसत्याच चिकटवलेल्या, टेपमध्ये फरक राहिला नाही. २०२१ मध्ये उपचारांवरच्या चाचण्या एकत्र पडताळणाऱ्या कॉक्रेन समूहाने २३ चाचण्या एकत्र तपासल्या आणि टेपच्या फायद्याबद्दल खात्रीने काही सांगता येत नाही असंच म्हटलं. तरी आम्ही टेप सुचवतो, कारण कळ येते म्हणून व्यायामच टाळणारे लोक खूप असतात. कातडीवरच्या ओढीने दुखण्याची जाणीव थोडी दबते आणि खांदा पुढे झुकला की टेप ताणून आठवण करून देते. त्यावर पहिले दोन-तीन आठवडे निभावतात.

तुमच्या बाबतीत टेप चालते का हे भिंत आणि खडू सांगतील. टाचा, कुल्ले आणि पाठ भिंतीला टेकवून उभे राहा. अंगठा वर ठेवून हात भिंतीला घासत बाजूने वर न्या. सणक सुरू होईल तिथे थांबा. घरच्या कुणीतरी मधल्या बोटाच्या टोकाशी खडूने रेघ मारायची. टेप लावा, अर्धा तास थांबा, पुन्हा तसंच करा. दुसरी रेघ पहिलीपेक्षा चार बोटं तरी वर गेली तर टेप तुमच्या कामाची. दोन्ही रेघा एकमेकींना चिकटून राहिल्या तर टेप एकदा उजळणी करून लावून पाहा. तरीही फरक नाही, तर रोल पुतण्याला परत द्या आणि नुसत्या व्यायामावर या. काही बिघडत नाही. ती पहिली, बिनटेपची रेघ पुसू नका.

टेप लावण्याच्या आदल्या दिवशी चार सेंटिमीटरचा तुकडा हाताच्या आतल्या बाजूला लावून २४ तास ठेवा. खाज, पुरळ, लाली दिसली तर पुढे जाऊ नका. आत्ताच्या फोडांची खपली पडून कातडी मूळ रंगावर येईपर्यंत थांबायचं आहे. जखम असेल, गजकर्ण-नायटा असेल, कातडी फार पातळ असेल, तर टेप नको. पहिल्यांदा फिजिओथेरपिस्टकडूनच लावून घ्या. नाशिकला जिल्हा रुग्णालय आहे, फिजिओथेरपी महाविद्यालयांच्या ओपीडी आहेत. घरचं माणूस सोबत न्या आणि फोटो काढून ठेवा, कारण पाठीमागची टेप स्वतःची स्वतःला लावता येत नाही. आरशात पाहून लावलेली टेप तिरकी जाते आणि नको तिथे ओढते.

तयारी अशी. केस असतील तर कात्रीने बारीक करा. वस्तरा फिरवायचा तर आदल्या दिवशी, नाहीतर कापलेल्या बारीक जागा चिकटाखाली जळजळतात. साबणाने धुवा, कोरडं करा. तेल, बाम, दुखण्याचा स्प्रे यांचा अंशही नको. त्याने टेप सुटते, आणि बामावर टेप दाबून बसली तर कातडी भाजल्यासारखी होते. निफाडच्या थंडीत पहाटे टेप धरत नाही, चिकटाला ऊब लागते. ऊन वर आल्यावर लावा.

दोन पट्ट्या पुरतात, दोन्ही साधारण २५ सेंटिमीटरच्या. मोजमाप अंगावर धरूनच करा. प्रत्येकीचं एक टोक ५ सेंटिमीटर अखंड ठेवा आणि तिथून पुढे मधोमध चिरा, म्हणजे वायचा आकार येतो. तो तुम्हाला शिकवायला नको. सगळे कोपरे गोल कापा, चौकोनी कोपरा सदऱ्यात अडकून उचलला जातो.

पहिली पट्टी सुप्रास्पायनेटसवर. हात मागे नेऊन पालथी मूठ कमरेवर ठेवा, मान डाव्या बाजूला कलवा. अखंड टोक खांद्याच्या छपराच्या टोकाखाली दोन-तीन बोटांवर, दंडाच्या बाहेरच्या बाजूला, अजिबात न ताणता चिकटवा. मग एक शेपूट फऱ्याच्या आडव्या कण्याच्या, म्हणजे फऱ्यावर हाताला लागणाऱ्या हाडाच्या आडव्या धारेच्या, वरून आणि दुसरं त्या धारेला धरून, मणक्याच्या दिशेने. दोन्ही शेपटांची शेवटची तीन-चार सेंटिमीटर पुन्हा न ताणता.

ताण किती, इथेच सगळे चुकतात. १० सेंटिमीटर टेप पूर्ण ताणली तर १५-१६ सेंटिमीटरपर्यंत जाते. आपल्याला त्या ताणाचा फार तर चौथा हिस्सा हवा, म्हणजे १० सेंटिमीटरला एक-दीड सेंटिमीटर. रोलच्या कागदावर टेप आधीच किंचित ताणून बसवलेली असते. कागद सोलत सोलत तशीच कातडीवर सोडली तर जवळपास तेवढाच ताण येतो, म्हणून वेगळं ओढायची गरजच पडत नाही. जास्त ओढलं म्हणजे जास्त गुण असं नाही. कापड परत आखडायला बघतं, ते टोकाशी कातडी वर ओढतं आणि पाणी धरतं. तुमचे फोड टोकांनाच आले होते, मधे नव्हते, ते त्यामुळे.

दुसरी पट्टी खांद्याच्या गोलाव्यावरच्या डेल्टॉइड स्नायूला. अखंड टोक दंडाच्या बाहेरच्या बाजूला, खांदा आणि कोपर यांच्या साधारण मध्यावर, बिनताणाचं. हात थोडा मागे नेऊन पुढचं शेपूट खांद्याच्या पुढच्या कडेने हासळीच्या बाहेरच्या टोकाकडे. मग हात छातीवरून डाव्या बाजूला नेऊन मागचं शेपूट मागच्या कडेने वर. दोन्ही शेपटं छपरापाशी भेटतात, एकावर एक चढवू नका. तळहाताने अर्धा मिनिट चोळा, चिकट उबेने बसतो. फिजिओ एखादे वेळी पुढून मागे तिसरी आडवी पट्टी पन्नास-पाऊणशे टक्के ताणाने लावतात. ती घरी लावू नका. फोडांचे बहुतेक किस्से तिचेच असतात.

टेप तीन दिवस ठेवा, मग काढून एक दिवस कातडी उघडी राहू द्या. आठवड्यातून दोनदा. एका वेळी अर्धा मीटर लागते, तेव्हा तीन आठवड्यांना तीन मीटर, म्हणजे एका रोलमध्ये भागून उरते. अंघोळ चालते, टॉवेलने टिपायचं, घासायचं नाही. शेकायची पिशवी टेपवर नको. आणि बागायतदाराला खास : फवारणीच्या दिवशी अंगावर टेप नको. ब्लोअरचा तुषार सदऱ्यातून टेपवर बसला तर ते ओलं कापड औषध कातडीला धरून ठेवतं. सदरा बदलता येतो, टेप आपल्या ध्यानातही राहत नाही. काढताना खसकन ओढू नका. खोबरेल तेल लावून दहा मिनिटं मुरू द्या, मग केसांच्या दिशेने, एका हाताने टेप धरून दुसऱ्याने कातडी तिच्यापासून खाली दाबत सोलायची. मधेच खाज सुटली तर तीन दिवसांची वाट पाहायची नाही.

टेप अंगावर असताना काम नेहमीपेक्षा कमी करायचं. वाक्य उलटं वाटेल, पण कळ दबलेल्या खांद्याला आपली मर्यादा कळत नाही.

आता व्यायाम. तुम्ही करताय ते दोन्ही आधी बंद करा. हात गोल फिरवताना दर फेरीला तुम्ही त्या दुखऱ्या टप्प्यातून वेगात जाता. अंगठा खाली ठेवून हात उचलला की दंडाचं हाड आत वळतं आणि त्याचा उंचवटा थेट छपराखाली जातो. डॉक्टर हीच स्थिती दुखतं का ते तपासायला वापरतात, व्यायाम म्हणून ती कशाला? वर उचलायचा हात नेहमी अंगठा वर ठेवूनच.

दुखण्याचा हिशेब शून्य ते दहात ठेवा. व्यायाम करताना चारपर्यंत दुखलं तर चालतं. दुसऱ्या सकाळी ते आदल्या दिवसाच्या पातळीवर यायला हवं. आलं नाही तर वजन किंवा फेऱ्या कमी करा, व्यायाम बंद करू नका. अजिबात दुखू नये म्हणून काही न करणं आणि दात-ओठ खाऊन करणं, दोन्हींनी महिने वाया जातात.

पहिले दोन आठवडे. भिंतीच्या कडेला उभे राहा, उजवी बाजू भिंतीकडे. कोपर बरगडीशी, काटकोनात. हाताची मागची बाजू भिंतीवर ठेवून निम्म्या जोराने बाहेर ढकला, ३० सेकंद. हात हलायचा नाही. मधे एक मिनिट थांबून पाच वेळा, सकाळ-संध्याकाळ. कंडरेला न घासता भार द्यायची ही सर्वात सोपी युक्ती, आणि पुष्कळांना यानेच थोडा वेळ कळ उतरते. दुसरा : दोन्ही पुढचे हात भिंतीवर, मधे पातळ टॉवेल. भिंतीला हलकं दाबत हात वर सरकवा, सणकेच्या थोडं अलीकडे थांबा, सावकाश खाली. दहाच्या दोन फेऱ्या. सरकवताना खांदे कानांकडे चढले तर मोजू नका. तिसरा पाठीसाठी : खुर्चीच्या पाठीवरून, फऱ्यांच्या मधल्या भागातून मागे वाका, दहा वेळा. मांडवाखाली दिवसभर मान मागे टाकून वर पाहता, वरची पाठ मात्र लाकडासारखी राहते. पाठ मागे वाकली नाही तर फरा कलत नाही.

तिसऱ्या आठवड्यापासून रबरी पट्टा. पिवळा, मग लाल, मग हिरवा, असा बहुतेक ठिकाणी चढता जोर असतो. सायकलची जुनी ट्यूब उभी चिरून चालेल, पण तिचा जोर मोजता येत नाही, म्हणून पट्टाच बरा. पट्टा खिडकीच्या गजाला कोपराच्या उंचीवर बांधा, डावी बाजू खिडकीकडे, उजव्या हातात पट्टा. कोपर आणि बरगडी यांच्यामध्ये टॉवेलची गुंडाळी धरा. कोपर काटकोनात, हात पोटापासून बाहेर फिरवा. दोन आकडे मोजत बाहेर, चार मोजत परत. बाराच्या तीन फेऱ्या, एक दिवस आड. गुंडाळी खाली पडली तर समजा कोपर सुटलं आणि खांद्याऐवजी अंग फिरतंय. परत येतानाचे चार आकडे गाळू नका. पट्टा आपल्याला ओढतो आणि आपण त्याला आवरतो, तेव्हाच कंडरा खरी तयार होते. बहुतेक जण फटकन सोडून देतात आणि मग म्हणतात पट्ट्याने काही होत नाही.

त्याच दिवशी दोन्ही हातांनी पट्टा बेंबीकडे ओढणं, फरे मागे आणि खाली, बाराच्या तीन फेऱ्या. आणि भिंतीला हात टेकून मारायचे दंड : कोपरं सरळ झाल्यावर शेवटी पाठ किंचित फुगवून भिंत आणखी एक बोटभर दूर ढकला. सिरेटस त्या शेवटच्या बोटभरातच कामाला लागतो. रोज रात्री उजवा हात छातीवरून डावीकडे ओढून ३० सेकंद, तीन वेळा.

सहाव्या आठवड्यानंतर अर्ध्या लिटरची भरलेली पाण्याची बाटली घ्या, म्हणजे अर्धा किलो. हात सरळ बाजूला नाही, तर बाजूपासून हातभर पुढे, तिरका, अंगठा वर. खांद्याच्या उंचीपर्यंत आणि तीन आकडे मोजत खाली. दहाच्या तीन फेऱ्या. आठवडाभर त्रास नाही झाला तर डोक्यापर्यंत न्या, मग एक लिटरची बाटली घ्या. वजन आणि उंची एकाच आठवड्यात वाढवू नका.

टेप तिसऱ्या आठवड्याच्या शेवटी सुटते. दर रविवारी बिनटेपचं, त्याच भिंतीशी, त्याच पद्धतीने मोजा आणि रेघेशेजारी तारीख घाला. सहा आठवडे नीट करूनही रेघ जागची हलली नाही किंवा रात्रीची झोपमोड तशीच आहे, तर डॉक्टरांकडे परत जा. तेव्हा सोनोग्राफी किंवा एखादं इंजेक्शन यांचा विचार होऊ शकतो. इंजेक्शनने कळ काही आठवडे उतरते, आणि तिथेही तोच मोह : बरं वाटलं की चार ओळी.

झोपताना डाव्या कुशीवर, उजव्या हाताखाली उशी, म्हणजे तो छातीवर लोंबत नाही. फेब्रुवारी-मार्चच्या काढणीत भरलेलं क्रेट दोघांनी, अंगाजवळ धरून उचला, आणि ते ट्रॉलीवर डोक्याच्या वर चढवायचं काम दुसऱ्याकडे द्या. घड कापताना घडाच्या खाली जाऊन उभे राहा, लांबून हात ताणून कापू नका. मांडवाखाली रुंद पायांचं स्टूल वापरा, म्हणजे कोपर खांद्याच्या खाली राहतं. पालथं क्रेट काळ्या मातीत डुगडुगतं, त्यावरून पडून खांदा कायमचा जायचा. वीस मिनिटं वरचं काम, मग पाच मिनिटं दुसरं काही. कात्रीला धार ठेवा, बोथट कात्रीचा जोर खांद्यापर्यंत येतो.

आज जानेवारीच्या मध्यावर सुरुवात केली तर बारा आठवडे एप्रिलच्या पहिल्या पंधरवड्यात भरतात. छाटणीच्या पहिल्या दिवशी दोनच तास, तेही वाय पद्धतीच्या बागेत, मांडव शेवटी. दुसऱ्या सकाळी चहाच्या आधी भिंतीपाशी जा. बोट शेवटच्या रविवारच्या रेघेला टेकलं तर तीन तास, दोन बोटं खाली राहिलं तर पुन्हा दोनच, आणि जानेवारीच्या पहिल्या रेघेच्या आसपास आलं तर त्या दिवशी कात्री गड्याच्या हातात.